गाळणं स्वयंपाकघरात, गटार पंचगंगेत



उन्हाळी कामांवर लिहायचं कबूल केलं होतं, पण सांडगे-पापड पुढच्या आठवड्यात. आज एका विषयावर भांडायचं आहे, आणि हे भांडण आपलं आपल्यातलं आहे.

वळवाचा पहिला मोठा पाऊस होऊन गेला की दोन-चार दिवसांत पेपरात एक बातमी हमखास येते. पंचगंगेत मासे मेले. कधी शिरोळच्या बाजूला, कधी तेरवाड बंधाऱ्याजवळ. फोटोत पाण्यावर पांढऱ्या पोटांचा थर दिसतो. खाली नेहमीचे आरोपी असतात, म्हणजे कारखाने, इचलकरंजीचे प्रोसेस, महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ. आपण ‘अरेरे, केवढी जीवहिंसा’ म्हणतो आणि पान उलटतो. त्या आरोपींना सोडून द्या असं मी म्हणत नाही. इचलकरंजीच्या काळ्या ओढ्याचा रंग ज्यांनी पाहिला आहे त्या कारखान्यांची वकिली करणार नाहीत. पण या यादीत एक नाव कायम राहून जातं. ते आपल्या दारासमोरच्या रस्त्याचं आहे.

बऱ्याच जणींची समजूत अशी असते की गटारात गेलेलं सगळं पाणी कुठेतरी ‘शुद्धीकरणाला’ जातं. तसं नाही. शहरात पाण्याच्या दोन वाटा असतात. संडास-बाथरूमचं आणि मोरीचं पाणी ड्रेनेजच्या नळातून जायला हवं, आणि पुढे ते प्रक्रिया केंद्रात. रस्त्याच्या कडेची उघडी गटारं ही पावसाच्या पाण्याची वाट. ती वाट ओढ्यानाल्यातून थेट नदीत उतरते. मध्ये चाळणी नाही, टाकी नाही, कुणी तपासणारा नाही. रस्त्यावर जे पडलं असेल ते पावसाबरोबर पंचगंगेत जातं.

आपल्या कोल्हापुरात तर या दोन वाटाही नीट वेगळ्या राहिलेल्या नाहीत. जयंती नाल्यात दोन्ही पाणी एकत्र येतं. (नाला आपण म्हणतो, जुनी माणसं जयंती नदी म्हणायची.) ते बंधारा घालून अडवायचं आणि पंपाने उपसून कसबा बावड्याच्या केंद्रात न्यायचं, अशी सोय आहे. कोरड्या दिवसांत ती चालते. पाऊस जोरात आला की पाणी बंधाऱ्यावरून उलटतं, पंप बघत राहतात, आणि नाला सगळं पोटात घेऊन नदीत जातो.

मी कॉमर्सची. मला आकडे मांडल्याशिवाय चैन पडत नाही, तेव्हा थोडा हिशेब सोसा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. कोल्हापूर शहराचं क्षेत्रफळ ६६.८२ चौरस किलोमीटर. शहरभर दहा मिलिमीटर पाऊस पडला (वळवाची एक बऱ्यापैकी सर, फार नाही) तर ६६ कोटी ८२ लाख लिटर पाणी पडलं. त्यातलं निम्मं जमिनीत मुरलं असं उदार मनाने धरलं, तरी ३३ कोटी लिटर पाणी रस्त्यांवरून, गच्च्यांवरून, अंगणांतून वाहिलं. आता दुसरी बाजू. कसबा बावड्याच्या केंद्राची क्षमता दिवसाला ७६ दशलक्ष लिटर आणि दुधाळीची १७. लहान केंद्रं सोडून या दोघांची बेरीज झाली ९३ दशलक्ष, म्हणजे ९ कोटी ३० लाख लिटर. एका सरीचं वाहतं पाणी दोन्ही मोठ्या केंद्रांच्या दिवसभराच्या क्षमतेच्या साडेतीनपट! आणि ती सर पडते अर्ध्या तासात. आणखी एक केंद्र बांधा, दोन बांधा, हा हिशेब जुळणार नाही. तो जुळवायचा तर पाणी वाहायला लागण्याच्या आधी, रस्त्यावरच जुळवावा लागेल.

आणि असतं काय त्या पाण्यात? पावसाचंच तर पाणी, असं वाटतं. फेब्रुवारीपासून मेपर्यंत रस्त्यावर जे साचतं ते आठवा. गाड्यांचं ऑइल ठिबकलेलं. टायर झिजून पडलेली काळी भुकटी. ब्रेकची धूळ, तिच्यात तांबं असतं. कुत्र्यांची घाण. कोंडाळ्याबाहेर पडलेलं, ओलं होऊन कुजलेलं अन्न. बांधकामाची वाळू आणि सिमेंट. रंगाऱ्याने गटारात धुतलेले ब्रश. सोडा-साबणाचं पाणी, गुटख्याच्या पुड्या, पानाच्या पिचकाऱ्या. तीन-चार महिन्यांचं हे साठवण पहिल्या मोठ्या सरीत एकदम सुटतं. या पहिल्या धुण्याला अभ्यासक ‘फर्स्ट फ्लश’ म्हणतात, आणि सगळ्यात घाण पाणी तेच असतं. नंतरच्या सरी तुलनेने स्वच्छ असतात. आपणही गच्चीवरचं पाणी साठवताना पहिल्या पावसाचं सोडून देतोच की. फक्त ते सोडतो कुठे, याचा विचार करत नाही.

आता नदीची बाजू बघा. एप्रिल-मेमध्ये पंचगंगा वाहत नसते, बंधाऱ्याबंधाऱ्यांत साचलेली असते. राजाराम, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, एकामागून एक. पाणी कोमट झालेलं असतं, आणि कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. त्यात वरून ही कुजकी घाण येऊन पडते. ती खाणारे सूक्ष्म जीव भराभर वाढतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. तळाचा जुना गाळही पावसाच्या लोंढ्याने ढवळून वर येतो. मासा पाणी सोडून कुठे जाणार? तो पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत राहतो आणि गुदमरून मरतो. माशांना विष घातलं असं आपण म्हणतो. पुष्कळदा विषाची गरजच नसते, श्वास काढून घेतला की पुरतं.

नदीत आंघोळ करण्याजोगं पाणी कोणतं याचं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं माप आहे. विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम हवा आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला लागणारा प्राणवायू, ३ मिलिग्रॅमच्या वर नको. माप पिण्याचं नाही, नुसत्या आंघोळीचं. त्या मंडळाच्या २०२२ च्या यादीत देशभरात नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे आहेत. त्यातले ५५ एकट्या महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त.

मैत्रिणींनो, आता खरं भांडण.

आपल्या घरात पाणी गाळल्याशिवाय हंड्यात जात नाही. दुपदरी जाड गाळणं, तेही स्वच्छ आणि कोरडं. गाळलेल्या पाण्याची मर्यादा ४८ मिनिटांची, पुढे पुन्हा गाळायचं. आणि गाळण्यात अडकलेले जीव? ते कुठेही झटकायचे नाहीत. जिवाणी ज्या पाण्यातून आली त्याच पाण्यात हळुवार परत सोडायची. विहिरीचं पाणी असेल तर विहिरीत, कडीच्या बादलीने अगदी पाण्यापर्यंत नेऊन, वरून ओतायची नाही, कारण उंचावरून पडून ते जीव मरतील. केवढा बारीक विचार केलाय आपल्या पूर्वजांनी! सूक्ष्मदर्शक नव्हता तेव्हा पाण्याच्या थेंबात जीव आहेत हे मानून त्यांना त्यांच्या घरी पोहोचवायची रीत घालून दिली.

ही रीत पाळणारी बाई दुपारी पाइप घेऊन अंगणात उभी राहते. पेव्हर ब्लॉकवर फिनेल ओतते, साबण ओतते, आणि धूळ, ऑइल, कबुतरांची विष्ठा सगळं पाण्याच्या जोरावर फाटकाबाहेर गटारात ढकलते. घर चकाचक. जे जीव सकाळी गाळण्यातून वाचवले त्यांच्या हजारपट जीव ज्या पाण्यात राहतात, त्या पाण्याच्या वाटेवर ती दुपारी फिनेल सोडते. मला ही विसंगती सहन होत नाही. आणि कुणी ती दाखवली की आपल्याला राग येतो, हे त्याहून सहन होत नाही.

महिला मंडळात हा विषय काढला तेव्हा एका वहिनींनी सरळ विचारलं, ‘अक्का, आपण मासे खातो का? मग आपल्याला कसलं पाप?’ सगळ्या हसल्या. मीही हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. न खाणं ही हिंसा टाळण्याची एक वाट झाली. आपल्या अहिंसेचा सगळा भार आपण ताटावर टाकला आहे. कांदा नाही, बटाटा नाही, रात्री जेवण नाही, आषाढ लागला की पालेभाजी नाही. मीही पाळते आणि पाळत राहणार. पण ताटाच्या बाहेर आपण कुणाला मारत नाही, हा समज कुठून आला?

दुसरीने शास्त्र काढलं. म्हणाली, गृहस्थाला फक्त संकल्पी हिंसा सोडायची असते. आरंभी हिंसा, म्हणजे घरकामात होणारी, ती तर सुटतच नाही. बरोबर आहे. चूल, केर, दळण-कांडण, धुणं यांत हिंसा होते आणि गृहस्थाला ती क्षम्य आहे. पण क्षम्य कशासाठी? गरजेपुरती म्हणून. गरजेबाहेर जे केलं त्याला आपल्याकडे वेगळं नाव आहे, अनर्थदंड. ज्याचा काही उपयोग नाही आणि तरी जीव जातात, ते. समंतभद्र आचार्यांचा रत्नकरंड श्रावकाचार घरोघरी असतो, त्यात अनर्थदंडाचे पाच प्रकार दिलेत. पाचवा काढून वाचा, प्रमादचर्या. विनाकारण जमीन खणणं, विनाकारण पाणी सांडणं, विनाकारण आग पेटवणं. अंगणातला केर झाडूने निघत असताना पाइपने वाहवणं हे आरंभी हिंसेत बसवायचं की प्रमादचर्येत? मी पंडित नाही. पण हिशेबात खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा एवढं मला कळतं, आणि हा खर्च घरखर्चाच्या खात्यावर टाकता येत नाही.

आणि मुनींची उत्सर्ग समिती आठवा. शरीराचा मळ टाकायचा तोही जागा निरखून, जिथे जीव नाहीत तिथेच. महाव्रतं त्यांची, आपली अणुव्रतं. पण टाकलेली वस्तू जिथे जाऊन पडते तिथपर्यंत आपली जबाबदारी असते, हे तत्त्व श्रावकाला लागू नाही असं कुठे लिहिलंय?

माशांचं एक उदाहरण दूरचं आहे, पण सांगते, कारण ‘आमच्या एवढ्याशा अंगणाने काय होतंय’ याचं उत्तर त्यात आहे. अमेरिकेत सिएटलच्या परिसरात कोहो नावाचे मासे समुद्रातून ओढ्यांत अंडी घालायला येतात. पाऊस पडला की अंडी घालायच्या आधीच ते तडफडून मरत. तिथे कारखान्याचं पाणी नव्हतं, ड्रेनेजही नव्हतं. बरीच वर्षं शोध चालला आणि २०२० मध्ये संशोधकांनी कारण छापलं. टायर लवकर तडकू नये म्हणून रबरात एक रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याची क्रिया होऊन दुसरं रसायन तयार होतं. टायर झिजून ते रस्त्यावर पडतं आणि पावसाबरोबर ओढ्यात जातं. कुणी मुद्दाम काही ओतलं नव्हतं. लोक फक्त गाडीतून ये-जा करत होते.

मग गाड्या विकायच्या का? नाही. पण आपल्याकडे पूर्वी हे पाणी वाटेत कुठेतरी थांबत होतं, एवढं तरी लक्षात घ्या. मातीचं अंगण पाणी पिऊन टाकायचं आणि घाण वरच्या मातीत अडकायची. शहरात तळी होती. वरुणतीर्थ बुजवून गांधी मैदान झालं, कपिलतीर्थाच्या जागी मंडई आली. गांधी मैदानात पावसाळ्यात पाणी तुंबलं की आपण महापालिकेला शिव्या घालतो. पाणी बिचारं आपल्या जुन्या घरी आलेलं असतं! उरलेली माती आपण पेव्हर ब्लॉकने झाकली, कारण पाहुणे आले की चिखल दिसायला नको. नवीन बंगल्यात तुळशीच्या कट्ट्याशेजारी वीतभर मोकळी माती नसते. मुरायला जागा नाही म्हणून पाणी पळतं, आणि पळताना सगळं घेऊन जातं.

सगळ्यात टोचणारी गोष्ट पुढेच आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये काळम्मावाडीचं थेट पाइपलाइनचं पाणी शहरात आलं. केवढा आनंद झाला, आणि व्हायलाच हवा होता, पिढ्यान्‌पिढ्यांची मागणी होती. पण त्यानंतर एक वाक्य मी बऱ्याच घरांत ऐकलं. ‘आता नदीचं पाणी प्यावं लागत नाही, सुटलो.’ सुटलं कोण? आपण धरणाचं पाणी पितो आणि वापरून झालेलं, रस्त्यावरून वाहिलेलं पाणी खाली सोडतो. खाली कोण राहतं? रुई, इचलकरंजी, शिरढोण, तेरवाड, शिरोळ, कुरुंदवाड. ही नावं परकी आहेत का? आपल्यातल्या निम्म्या जणींची माहेरं तिथली. ज्या घाटावर आई धुणं धुवायची तिथे आज जलपर्णीचा हिरवा गालिचा दिसतो. ती जलपर्णी आपल्या मैल्यावर आणि साबणाच्या पाण्यावर पोसलेली आहे. शेतात तेच पाणी, गुराच्या पुढ्यात तेच पाणी. भावाकडून उसाचा रस आणि नवा तांदूळ आणायला आपण हक्काने जातो, आणि त्याच्याकडे पाठवतो काय?

इचलकरंजीचं तर आणखी वाईट. नदी दारात, पण तिचं पाणी भरवशाचं राहिलं नाही म्हणून त्यांनी कृष्णेवरून, मजरेवाडीहून पाणी आणलं. पुढे सुळकूडहून दूधगंगेचं आणायची योजना आली तर दूधगंगाकाठच्या गावांनी विरोध केला. २०१२ साली तिथे काविळीची साथ आली, माणसं दगावली. ती साथ मैलापाण्याने झाली, अंगण धुतल्याने नाही, हे मला माहीत आहे. पण खालच्या गावाला वरच्या गावाच्या पाण्यावर जगावं लागतं म्हणजे काय, हे त्या वर्षी ज्यांच्या घरात पेशंट होता त्यांना विचारा.

नांदणीच्या महादेवी हत्तिणीसाठी २०२५ च्या ऑगस्टमध्ये हजारो माणसं नांदणीहून कोल्हापूरपर्यंत पायी आली. जैन होते, इतरही होते, बायका लेकरं घेऊन होत्या. एका जिवासाठी एवढा समाज उभा राहिला याचा मला अभिमान आहे. त्याच शिरोळ तालुक्यात माशांचे थर तरंगतात तेव्हा आपल्यापैकी एकही मंडळ साधं निवेदन देत नाही. हत्तीला नाव असतं, डोळ्यांत पाणी दिसतं, तो मिरवणुकीत चालतो. मासा पाण्यात असतो, त्याचं पाणी दिसत नाही. पण पंचेंद्रिय तोही आहे, हे पाठशाळेतली पोरंसुद्धा सांगतील.

कुणी म्हणेल, अक्का, आधी कारखाने बंद करा, मग आमच्या अंगणाकडे या. दोन्ही चालू द्या ना. कारखान्यासाठी कोर्ट आहे, मंडळ आहे, आंदोलनं आहेत. अंगणासाठी कुणीच नाही, ते आपल्याच हातात आहे.

आमच्या घरी काय चालतं ते सांगते. अंगण झाडूने कोरडं झाडायचं, धुवायचं नाही. सुपलीत केर भरायचा, माती कुंड्यांत, बाकीचं घंटागाडीत. मुनींच्या हातात पिच्छी असते, पाण्याचा पाइप नसतो. मऊ झाडूने जीव बाजूला होतात, पाण्याच्या झोताने वाहून जातात. गाडी धुवायची तर ओल्या फडक्याने, पाणी बादलीभरच, आणि तेही झाडाच्या बुंध्याशी. फाटकाजवळचे पेव्हर ब्लॉक दोन हात काढून घेतले, तिथे आता पाणी मुरतं आणि कण्हेर वाढली आहे. सून आधी म्हणाली चिखल होईल. चार दिवस झाला, मग खडी पसरली.

मंदिराचं आवार पर्वाच्या आदल्या दिवशी मोटार लावून धुतात, ते बंद करा असं मी विश्वस्तांना दोनदा सांगितलं आहे, तिसऱ्यांदाही सांगणार. गाभारा धुवा, मंडप पुसा. पण चपला काढायच्या जागेपासून रस्त्यापर्यंतची फरशी धुऊन कुणाची पूजा होते?

आणि एक मागणी, यात मला तुम्हा सगळ्यांच्या सह्या पाहिजेत. पावसाळ्याआधी महापालिकेची माणसं गटारं साफ करतात. काढलेला काळा गाळ गटाराच्या काठावरच ढीग करून ठेवतात, वाळल्यावर उचलू म्हणून. तेवढ्यात वळीव येतो आणि सगळा ढीग परत गटारात. आमच्या गल्लीत तीन वर्षं हेच बघते आहे. एकच काम दोनदा, पैसे दोनदा आणि घाण नदीला ती जातेच. निवेदनात दोनच गोष्टी लिहिल्या आहेत. गटाराचा गाळ काढला त्याच दिवशी उचलायचा. आणि रस्त्यांची कोरडी झाडलोट मार्च संपायच्या आत एकदा पूर्ण करायची, वळवाची वाट बघत बसायचं नाही. कागद माझ्याकडे तयार आहे. रविवारी प्रवचनानंतर मंदिराच्या ओवरीत बसणार आहे, पेन माझं मी आणते. ज्यांना खालच्या गावांत माहेर आहे त्यांनी सहीपुढे माहेरचं गावही लिहा.